वळणासाठी घडलेलं इंजिन: सॅक्सनीची 'चार-के'

घरातलं एखादं मोठं ताट घ्या आणि त्याच्या काठाला आतून एक लांब पट्टी टेकवा. पट्टीची दोन्ही टोकं काठाला भिडतात, पण मधोमध पट्टी आणि काठ यांच्यात चांगली रुंद फट राहते. आता पट्टीच्या जागी काडेपेटीतली काडी टेकवा. फट जवळजवळ दिसेनाशी होते. ताट तेच, फक्त टेकवलेली वस्तू आखूड झाली.

रेल्वेच्या इंजिनाचं वळणावरचं दुखणं नेमकं हेच आहे. रूळ म्हणजे ताटाचा काठ आणि एका सांगाड्यात पक्की बसवलेली चाकांची रांग म्हणजे पट्टी. रांग लांब असेल तर मधली चाकं रुळावर राहायला तयार नसतात आणि टोकाची चाकं रुळाला घासतात, कुरकुरतात, कधी चढून खालीही उतरतात. हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे: फट म्हणजे लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. लांबीचा वर्ग येतो तिथेच गोम आहे. लांबी दुप्पट झाली की फट चौपट होते.

आता खरे आकडे घेऊ. पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरी रेल्वेवर काही वळणांची त्रिज्या फक्त ५० मीटर होती. पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत ६.२ मीटर लांबीचं ताठ इंजिन अशा वळणावर घातलं तर मधली फट ९६ मिलिमीटर येते, म्हणजे जवळपास दहा सेंटिमीटर. चाकाची कड आणि रूळ यांच्यात मोकळीक असते ती फार तर एखाद-दोन सेंटिमीटर. म्हणजे असं इंजिन त्या वळणावर जाऊच शकत नाही. तरीही १८९२ साली बरोबर ६.२ मीटर चाकपट्ट्याचं एक इंजिन त्या रुळांवर आलं, वळणांवरून सुखाने फिरलं, आणि त्याच बेताची इंजिनं पुढची एकोणतीस वर्षं बनत राहिली. एकूण ९६. जर्मनीतल्या सरकारी रेल्वेंत अरुंद रुळांसाठी कुठल्याही एका वर्गाची इतकी इंजिनं दुसरी बनली नाहीत.

या वर्गाचं नाव रोमन आकड्यात चार आणि पुढे के. जर्मन लोक त्याला 'फीअर का' म्हणतात, आपण 'चार-के' म्हणू. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेत 'के' ही खूण अरुंदमापी इंजिनांना लावत, आणि आकडा म्हणजे त्या कुळातला क्रमांक. त्यामुळे चार-केच्या आधी एक-के, दोन-के, तीन-के होऊन गेल्या हे नावातच कळतं. त्यांची फजिती समजून घेतली की चौथीचं कौतुक नीट कळतं. पण आधी ही रेल्वे तिथे आलीच कशाला ते पाहू.

सॅक्सनीच्या दक्षिणेला, आजच्या चेकियाच्या सीमेवर, एर्ट्सगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. नावाचा अर्थच धातुकांचे डोंगर. खाणी जुन्या, पण एकोणिसाव्या शतकात तिथल्या अरुंद खोऱ्यांमधून ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे कारखाने उभे राहिले होते: कापड, कागद, लाकूडकाम, लहानमोठी यंत्रं. त्यांना कोळसा हवा होता आणि तयार माल बाहेर काढायचा होता. मुख्य मार्गाचे रूळ १,४३५ मिलिमीटर मापाचे. असा रुंद मार्ग त्या खोऱ्यांत घालायचा तर डोंगर फोडा, बोगदे काढा, नदीवर पुलांमागून पूल बांधा. एवढा खर्च त्या खोऱ्यांतल्या मालाच्या भाड्यातून निघणारा नव्हता. म्हणून रूळ ७५० मिलिमीटरवर आणले. माप अर्धं झालं की वळणं आखडती घेता येतात, मार्ग नदीच्या काठाकाठाने, तिच्याच चालीने जाऊ शकतो. पहिली अशी रेल्वे विल्काऊ ते किर्शबेर्ग १८८१च्या ऑक्टोबरात सुरू झाली. पाठोपाठ ड्रेस्डेनजवळच्या हाइन्सबेर्गहून वायसेरित्स नदीच्या खोऱ्यातून वर जाणारी दुसरी रेल्वे आली आणि १८८३मध्ये किप्सडोर्फला पोचली. तिच्या वाटेवर राबेनाऊची घळ लागते. कातळ, नदी आणि रूळ एकमेकांना खेटून चालतात, आणि त्या पट्ट्यात सरळ रूळ शोधावा लागतो. पुढे हे जाळं पाचशे किलोमीटरच्या वर गेलं.

ही सगळी टाकी-इंजिनं होती. नेहमीच्या मोठ्या वाफेच्या इंजिनामागे एक वेगळा डबा जोडलेला असतो, टेंडर. त्यात पाणी आणि कोळसा. टाकी-इंजिनाला टेंडर नसतो. पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूंना चिकटलेल्या टाक्यांत, कोळसा ड्रायव्हरच्या खोलीलगतच्या कप्प्यात. पल्ला कमी होतो हे खरं. चार-केजवळ पाणी अडीच हजार लिटरपेक्षाही थोडं कमी आणि कोळसा जेमतेम टनभर. पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या मार्गाला आणखी लागतं किती? वाटेत पाणी घेता येतं. उलट दोन फायदे पदरात पडतात. पाण्या-कोळशाचं वजन चालत्या चाकांवरच पडतं, त्यामुळे चढावर रुळाची पकड चांगली मिळते. दुसरं म्हणजे टेंडर नसल्याने इंजिन पुढे आणि मागे सारखंच चालतं. खोऱ्याच्या टोकाला इंजिन फिरवण्यासाठी फिरता चौथरा बांधावा लागत नाही, इंजिन फक्त गाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला नेलं की झालं. टाकी-इंजिनाची एक खोड मात्र सांगायला हवी: पाणी संपत येतं तसं वजन घटतं आणि पकडही घटते.

आता त्या आधीच्या तिघी. एक-के ही सॅक्सनीतल्याच केम्नित्झ शहरातल्या हार्टमान कारखान्याने १८८१पासून बनवलेली तीन जोड्या चाकांची आटोपशीर गाडी होती, वजन सतरा टनांच्या आसपास. कामाची होती. पण रेल्वे आली की माल वाढतो, आणि माल वाढला तसं ते इंजिन अपुरं पडू लागलं. मोठं इंजिन हवं, म्हणजे जास्त चाकं हवीत, कारण हलक्या रुळांवर एका आसावर किती वजन टाकायचं याला मर्यादा असते. जास्त चाकं म्हणजे लांब रांग. लांब रांग म्हणजे पुन्हा ताट आणि पट्टी.

१८८५मध्ये इंग्लंडच्या हॉथॉर्न कारखान्याकडून दोन इंजिनं आणली, फेअरली पद्धतीची. रॉबर्ट फेअरली या स्कॉटिश अभियंत्याची युक्ती अशी की बॉयलरच जोड बनवायचा, दोन्ही टोकांना दोन धुरांडी, मधे भट्टी आणि माणसं, आणि खाली दोन स्वतंत्र चाकगाडे. दिसायला पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन इंजिनांसारखं. वळणाचा प्रश्न सुटला, पण ड्रायव्हर आणि फायरमन मधल्या भट्टीमुळे एकमेकांपासून तुटले, आणि यंत्र गुंतागुंतीचं झालं. ही झाली दोन-के, आणि ती दोनावरच थांबली.

१८८९मध्ये तीन-के आली. ॲडॉल्फ क्लोझे नावाच्या अभियंत्याने टोकाचे आस वळणाप्रमाणे तरफांनी वळवायची सोय केली होती. कागदावर अत्यंत देखणी कल्पना. प्रत्यक्षात इतके सांधे, इतक्या तरफा, की चालवणाऱ्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याचीच परीक्षा. तीसुद्धा मोजकीच बनली. माझ्या मते क्लोझेच्या हुशारीत काही कमी नव्हतं, कमी होती ती खेड्यातल्या शेडमध्ये रात्री कंदिलाच्या उजेडात नट आवळणाऱ्या माणसाची आठवण.

मग चार-के. तिची युक्ती एका वाक्यात सांगायची तर बॉयलर एकच ठेवला आणि खालचं चाकांचं यंत्र मधोमध तोडून दोन केलं. दोन चाकगाडे, प्रत्येकात चाकांच्या दोन जोड्या, त्यांतलं अंतर १.४ मीटर, आणि प्रत्येक गाड्याला स्वतःचे सिलिंडर. वरचा सांगाडा बॉयलर, टाक्या आणि माणसांची खोली घेऊन या दोन गाड्यांवर खुंट्यांवर टेकलेला. प्रत्येक गाडा आपापल्या खुंटीभोवती फिरतो. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळताना पाहिला असेल तर हे लगेच कळेल: तेवढीच लांबी एका अखंड ट्रकला त्या वळणावर झेपली नसती. आता आपल्या सूत्रात १.४ मीटर घाला. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर फट येते पाच मिलिमीटर. पट्टीची काडी झाली.

ही मांडणी मायर पद्धत म्हणून ओळखली जाते. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सास प्रांतातल्या ज्याँ-जाक मायर आणि त्यांच्या मुलाने १८६१मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिचं मूळ मात्र आणखी मागे, १८५१च्या झेमरिंग स्पर्धेत आहे. ऑस्ट्रियाच्या आल्प्समधल्या घाटासाठी योग्य इंजिन शोधायला ती स्पर्धा भरवली होती आणि तिच्यात 'विनर नॉयश्टाट' नावाचं दोन चाकगाड्यांचं इंजिन उतरलं होतं, गुंथर यांच्या कारखान्यात बनलेलं. म्हणून काही जण या पद्धतीला गुंथर-मायर म्हणतात. मायर यांचं पहिलं इंजिन १८६८मध्ये धावलं, त्याचं नाव 'लाव्हनीर', म्हणजे भविष्य. भविष्य मात्र त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. ते का, हे वाफेच्या वाटेत लपलेलं आहे.

चार-केमध्ये वाफ दोनदा वापरली जाते. बॉयलरमधून सुरुवातीला १२ आणि पुढच्या इंजिनांत १४-१५ बार दाबाची वाफ निघते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या बारा-पंधरा पट. ती आधी मागच्या गाड्यावरच्या दोन लहान सिलिंडरांत जाते, त्यांचा व्यास २४० मिलिमीटर. तिथे पिस्टन ढकलून झाल्यावर तिच्यात अजून जोर शिल्लक असतो. साध्या इंजिनात ही वाफ धुरांड्यातून फुकट जाते. इथे ती एका नळीतून पुढच्या गाड्यावरच्या दोन मोठ्या सिलिंडरांत जाते. त्यांचा व्यास ३७० ते ४०० मिलिमीटर, कारण दाब उतरलेल्या वाफेकडून तेवढंच काम करून घ्यायचं तर पिस्टनचं तोंड मोठं हवं. ४०० मिलिमीटरचा पिस्टन २४०च्या पिस्टनपेक्षा क्षेत्रफळाने पावणेतीन पटींहून थोडा जास्त भरतो. तिथून निघालेली वाफ मग धुरांड्यात.

यात कोळसा वाचतो तो कसा? थंड पातेल्यात उकळता चहा ओतला तर चहाची बरीच ऊब पातेलंच पिऊन टाकतं. सिलिंडरचंही तसंच. एकाच सिलिंडरात वाफ पंधरा बारपासून पार खालपर्यंत पसरू दिली तर शेवटी ती गार होते आणि सिलिंडरच्या भिंतीही गार करते. पुढच्या फेरीची ताजी, गरम वाफ त्या गार भिंतींवर आदळते आणि तिचं थोडं पाणी होतं. हे पाणी काम करत नाही, पण ते तापवायला कोळसा मात्र जळालेला असतो. पसरण्याचं काम दोन सिलिंडरांत वाटून दिलं की प्रत्येकातला गरम-गार फरक कमी होतो आणि ही गळती घटते.

आता अडचण. दोन्ही चाकगाडे फिरतात, बॉयलर मात्र जागचा हलत नाही. म्हणजे बॉयलरमधून मागच्या गाड्याकडे जाणारी पूर्ण दाबाची वाफेची नळीसुद्धा हलती, सांध्यांची असायला हवी. पंधरा बारची वाफ हलत्या सांध्यातून न गळता नेणं, तेही १८९२मध्ये, रबर तिथे टिकणार नाही हे गृहीत धरून! गोल सांधे आणि सरकत्या नळ्या यांची वेळोवेळी आवळाआवळ करत राहणं हा चार-के सांभाळणाऱ्यांचा नित्यक्रम होता.

पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आनातोल मॅलेट यांनी १८८०च्या दशकात याच अडचणीवर बोट ठेवलं. त्यांनी मागचा गाडा बॉयलरला पक्का बांधून टाकला आणि फक्त पुढचा फिरता ठेवला. जास्त दाबाची वाफ पक्क्या गाड्याकडे जाते, तिला हलता सांधा लागतच नाही. हलत्या सांध्यातून जाते ती दाब उतरलेली वाफ, आणि तिथे थोडं गळलं तरी फारसं बिघडत नाही. जगाने मॅलेटची पद्धत उचलली, अमेरिकेने तर तिचे अजस्र अवतार बनवले. मग सॅक्सनी मायरलाच का चिकटून राहिली? कारण तिच्या वळणांवर दोन्ही गाडे मोकळे असण्याचा फायदा मोठा होता. मॅलेटमध्ये मागचा गाडा पक्का असल्याने वळणावर बॉयलरचं नाक बरंच बाहेर जातं. मायरमध्ये बॉयलर दोन खुंट्यांवर समतोल बसतो, पुढे-मागे सारखाच झुकतो, आणि इंजिन दोन्ही दिशांना सारखंच गुणी राहतं. शिवाय केम्नित्झच्या आरेखकांनी चारही सिलिंडर इंजिनाच्या पोटाशी, दोन्ही गाड्यांच्या आतल्या टोकांना, समोरासमोर ठेवले. दोन खुंट्यांच्या मधे हालचाल सगळ्यात कमी. नळ्या आखूड झाल्या आणि सांध्यांना फारसं फिरावं लागलं नाही. आणि वेग? सगळा खेळ ताशी ३० किलोमीटरचा. जो सांधा ताशी नव्वदला महिन्यात जेरीस आला असता, तो इथे निभावून गेला.

दोन गाडे यांत्रिकरीत्या एकमेकांना जोडलेले नाहीत, मधे फक्त ओढ पुढे नेणारी जोडणी आहे. मग एका गाड्याची चाकं ओल्या रुळावर घसरली तर? पाहिल्याबरोबर वाटतं की आता ड्रायव्हरने धावाधाव करायची. पण इथे वाफच पंच होते. मागचा, जास्त दाबाचा गाडा घसरून गरगर फिरू लागला की तो भराभर वाफ पुढच्या नळीत ढकलतो. नळी तुंबते, तिथला दाब वाढतो, आणि तोच दाब मागच्या पिस्टनांना उलटा अडवतो. घसरण आपोआप आवरते. पुढचा गाडा घसरला तर तो नळीतली वाफ भसाभसा पिऊन टाकतो, नळी रिती होते आणि त्याचा जोर ओसरतो. कुणी बटण दाबायचं नाही, कुणी दांडा ओढायचा नाही. दोन भावांना एकाच पिशवीतून खर्च करायला लावल्यावर उधळ्याचा हात आपोआप आखडतो, तसलाच प्रकार.

सुरुवातीला गाडी उभी असताना मात्र ही व्यवस्था आडवी येते. पुढच्या सिलिंडरांना वाफ मिळते ती मागच्यांनी वापरल्यावर, आणि गाडी तर अजून हललेलीच नाही. म्हणून निघताना बॉयलरची थोडी ताजी वाफ थेट पुढच्या सिलिंडरांना देणारी एक झडप ठेवलेली असते. गाडीने चाल धरली की ती बंद.

७६० मिलिमीटरची चाकं म्हणजे चाकाचा एक फेरा झाला की इंजिन जेमतेम २.४ मीटर पुढे सरकतं. ताशी ३० किलोमीटरला चाकं सेकंदाला साडेतीन फेरे घेतात. म्हणून ही इंजिनं हळू चालतानाही लगबगीत असल्यासारखी दिसतात.

ब्रेकबद्दल सांगायलाच हवं, कारण असला ब्रेक पुन्हा पाहायला मिळायचा नाही. गाडीच्या टपांवरून, सगळ्या डब्यांच्या डोक्यावरून, कप्प्यांवरून जाणारी एक लांब दोरी. इंजिनातल्या रहाटावर ती गुंडाळलेली. दोरी ताणलेली असेल तोवर ब्रेक मोकळे. दोरी सैल सोडली की डब्याखालचं एक घर्षणचाक खाली येऊन धावत्या आसावरच्या चाकाला टेकतं, त्याच फिरण्याने साखळी गुंडाळली जाते आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर आवळले जातात. म्हणजे गाडी स्वतःच्याच धावण्याने स्वतःला थांबवते. हा हेबरलाइन ब्रेक. गमतीशीर वाटतो, पण त्यात एक पक्कं शहाणपण आहे: चढावर गाडी मधेच तुटली तर दोरीही तुटते, आणि मागे राहिलेले डबे घरंगळायच्या आत ब्रेक आपोआप लागतात. दोरी बांधायला टपावर चढणाऱ्या माणसाचं पावसाळी दिवशी काय होत असेल ते सोडा. पुढे चार-केंवर निर्वात ब्रेक आले.

ज्या मालासाठी एवढा खटाटोप, त्यानेच पुढे या इंजिनांना दमवलं. रुळांचं माप बदललं की माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो, आणि कोळशाची वाघीण हाताने रिकामी करून दुसरीत भरणं म्हणजे वेळ आणि मजुरी. म्हणून सॅक्सनीत मोठ्या रुळांवरची अख्खी वाघीणच अरुंद रुळांच्या बुटक्या गाड्यांवर चढवून नेऊ लागले. दृश्य विलक्षण: आपल्याहून दीडपट उंच, डुगडुगती वाघीण मागे घेऊन लहानसं इंजिन घळीतून वर निघालेलं. कारखानदार खूश, इंजिनावरचं ओझं दुप्पट. चार-के पुन्हा पुन्हा मागवल्या गेल्या त्याचं हे एक मोठं कारण.

सगळ्या चार-के एकाच कारखान्यातून निघाल्या. रिशार्ड हार्टमान आल्सासमधून केम्नित्झला कारागीर म्हणून आले आणि १८३७मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय काढला. चार-के जन्मली तेव्हा ते हयात नव्हते, पण कारखाना त्यांच्याच नावाने चालत होता. वर्षानुवर्षं तिथून तयार इंजिनं शहराच्या रस्त्यांवरून घोड्यांनी ओढत स्टेशनापर्यंत नेली जात. वाफेचं इंजिन घोडे ओढताहेत, यातली गंमत केम्नित्झकरांना रोजची असल्याने बहुधा जाणवत नसावी. शेवटची चार-के १९२१मध्ये बाहेर पडली. तोवर वाफ आणखी तापवून कोरडी करण्याचं तंत्र जर्मनीतच रुळलं होतं, तरी चार-के शेवटपर्यंत जुन्या ओल्या वाफेवरच चालली. जुनाट म्हणा हवं तर. पण शेडमध्ये आधीच्या डझनावारी इंजिनांचे सुटे भाग आणि त्यांना हात लावून तयार झालेली माणसं असताना नवं तंत्र आणणं प्रत्येक वेळी शहाणपणाचं असतंच असं नाही.

चार-के बनत असतानाच, १९०१मध्ये, सॅक्सनीने पाच-के हा दुसरा रस्ताही चोखाळून पाहिला. तिथे चार आसांचं यंत्र एकाच सांगाड्यात, पण टोकाचे आस पोकळ. पोकळ नळीसारख्या आसावर चाकं, आत दुसरा भरीव आस, आणि दोघांना मधोमध जोडणारा गोल सांधा. आतला आस सरळ राहून दांड्यांकडून जोर घेतो, बाहेरचा पोकळ आस चाकांसकट वळणाप्रमाणे तिरपा होतो, थोडा बाजूलाही सरकतो. सॅक्सनीच्या रेल्वेतलेच अभियंते क्लीन आणि लिंडनर यांची ही कल्पना. पाच-के फार बनल्या नाहीत, पण हा पोकळ आस दूर गेला, थेट आपल्या दारात. नेरळ-माथेरानच्या घाटात १९०७मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा तिथे आलेली चार वाफेची इंजिनं बर्लिनच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल कारखान्याची, तीन जोड्या चाकांची टाकी-इंजिनंच होती, आणि त्यांना क्लीन-लिंडनर आस होते. विसास एकचा चढ आणि गरगर फिरणारी वळणं यांना तोंड द्यायला सॅक्सनीच्या खोऱ्यात जन्मलेली युक्ती सह्याद्रीत कामाला आली. म्हणजे माथेरानची जुनी इंजिनं चार-केची चुलत घराण्यातली नातलग म्हणायला हरकत नाही. आजार एकच, औषध वेगळं.

दोन महायुद्धं, सरकारं बदलणं, कारखाना बंद होणं, या सगळ्यातून चार-के टिकल्या. जर्मनीच्या एकत्रित रेल्वेत त्यांना ९९.५१ ते ९९.६० हे वर्ग मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत नव्या इंजिनांसाठी पैसा नव्हता आणि डोंगरातली कामं थांबत नव्हती. १९६०च्या दशकात यांतल्या बऱ्याच इंजिनांना नवे, वेल्डिंगच्या जोडांचे बॉयलर बसवले, काहींचे सांगाडेही बदलले. वाड्याच्या भिंती पाडून नव्या बांधल्या, दारावरची पाटी तेवढी जुनी ठेवली, असा मामला. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. पण हे झालं नसतं तर आज रुळावर एकही चार-के नसती, फक्त संग्रहालयात असत्या.

मग ट्रक आले आणि एकेक खोरं बंद होत गेलं. योहश्टाटकडे जाणारी प्रेसनित्स खोऱ्यातली रेल्वे १९८०च्या दशकात बंद होऊन तिचे रूळही उचलले गेले. जर्मनी एक झाल्यावर हौशी लोकांनी तिचा योहश्टाट ते श्टाइनबाख हा आठेक किलोमीटरचा तुकडा पुन्हा घातला, आणि तिथे आज चार-के गाडी ओढतात. ओशात्स ते म्यूगेल्नच्या सपाट मुलखातही त्या दिसतात. हाइन्सबेर्ग-किप्सडोर्फ मार्ग ऑगस्ट २००२च्या महापुरात उद्ध्वस्त झाला. नदीला खेटून मार्ग घालण्याची किंमत शंभरेक वर्षांनी एकदम वसूल झाली. तो अर्धा २००८मध्ये आणि पूर्ण किप्सडोर्फपर्यंत २०१७मध्ये पुन्हा सुरू झाला. शहाण्णवांपैकी वीसहून अधिक चार-के आज शिल्लक आहेत.

कधी त्या बाजूला गेलात तर वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहा. चाकं रुळाबरोबर वळतात आणि बॉयलरचं नाक क्षणभर सरळच जाऊ पाहतं, रुळाच्या मध्यावरून काही इंच बाहेर. मग कान द्या. चार सिलिंडरांच्या इंजिनाकडून आपण दुप्पट धडधड अपेक्षितो, पण धुरांड्यातून ऐकू येतात ते चाकाच्या एका फेऱ्याला चारच हुंकार, कुठल्याही साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाइतके. ते सगळे पुढच्या गाड्याचे. मागचा गाडा तेवढंच ओढत असतो, पण त्याची वाफ धुरांड्याकडे न जाता पुढच्याच्या हवाली होते, म्हणून त्याचा आवाज बाहेर येतच नाही.